जुन्या पिकअपला ३१ इंची टायर बसवायचेत, पुढून किती उचलू?

धूळवाट

नमस्कार मंडळी. दोन वर्षं या विभागात नुसता वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

गाडी नव्वदच्या दशकातली हायलक्स, फोर बाय फोर. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे. सध्याचे टायर २३५/७५ आर १५, आणि ते आता गुळगुळीत झालेत. नवे घ्यायचेच आहेत तर ३१ × १०.५ आर १५ घ्यावेत असं मनात आहे. पुढच्या मडगार्डमध्ये जागा कमी वाटली म्हणून नाक उचलायचं ठरवलं. टॉर्शन बारवाल्या गाडीत ते सोपं असतं असं ऐकून होतो, बारच्या मागच्या टोकाचा बोल्ट कसायचा की गाडी वर येते. रविवारी दोन्हीकडचे बोल्ट बारा-बारा फेरे कसले. गाडी खरोखरच वर आली. लांबून बघितली तर एकदम रुबाबात उभी.

पण दोन त्रास सुरू झालेत. गाडी भयंकर कडक झालीय, बारीक खड्डासुद्धा थेट मणक्यात कळतो. आणि गतिरोधकावरून उतरताना पुढून दोन्हीकडे ‘टक्’ असा लोखंडी आवाज येतो. शॉकॲब्सॉर्बर गेले असणार. लांब घेऊ का? आणि ३१ इंची टायरसाठी अजून किती उचलावं लागेल?

पाना१७

शॉकॲब्सॉर्बरला अजून हात लावू नका. आधी तीन प्रश्न. बोल्ट कसताना चाकं जमिनीवर होती की अधांतरी? कसण्याआधी कुठलं माप घेतलं होतं का? बोल्टाला ग्रीस लावलं होतं का?

धूळवाट

जमिनीवर. नाही. नाही.

(लिहितानाच कळतंय की तिन्ही उत्तरं चुकलीत.)

पाना१७

चुकलीत खरी, पण वाकडं काही झालेलं नाही. सगळं उलट फिरवता येतं, हीच टॉर्शन बारची मजा.

चाकं जमिनीवर असताना गाडीच्या पुढच्या भागाचं सगळं वजन त्या एका बोल्टाच्या आट्यांवर असतं. तीस वर्षांचा गंजलेला बोल्ट, त्यात ग्रीस नाही. आटे खाल्ले गेले की बोल्ट ना वर जातो ना खाली येतो, मग कापूनच काढावा लागतो. म्हणून चेसिसखाली जॅक लावायचा, दोन्ही चाकं लोंबकळू द्यायची, चेसिसखाली स्टँड द्यायचे आणि मगच पाना लावायचा. तरीही लक्षात ठेवा, चाक लोंबकळत असताना बारमधला ताण कमी होतो, शून्य होत नाही. अँकर आर्मच्या (बारच्या मागच्या टोकाचा, बोल्टाने ढकलला जाणारा तुकडा) रेषेत तोंड घालून बसू नका.

मापाचं म्हणाल तर बहुतेक जण जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. टायरमधली हवा बदलली, टायर बदलला की ते माप गेलं. हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. टायर कुठलाही असो, सस्पेन्शन कुठे उभं आहे ते यातून कळतं. दुसरं माप बोल्टाचं. लॉकनटाच्या बाहेर किती आटे दिसतात ते कसण्याआधी लिहून ठेवायचं. तुमच्या बाबतीत ते राहिलं, पण बारा फेरे हा आकडा तरी आहे हातात.

आता त्या ‘टक्’बद्दल. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि वरच्या आर्मच्या (चाक चेसिसला जोडणाऱ्या दोन हातांपैकी वरचा) खाली बॅटरी मारून बघा. तिथे एक रबरी ठोकळा असतो. आर्म आणि ठोकळा यांच्यात फट किती आहे ते सांगा.

धूळवाट

आत्ताच बघून आलो. फट जवळजवळ नाहीच. डावीकडे पोस्टकार्ड सरकेल एवढी, उजवीकडे बोटाचं नखही जात नाही.

पाना१७

तोच तुमचा आवाज. शॉकॲब्सॉर्बर बिचारे निर्दोष आहेत.

नवशिकी

मध्येच विचारते, राग नसावा. गाडी उचलली तर चाकाला खाली-वर व्हायला जागा वाढायला हवी ना? इथे तर उलटंच दिसतंय.

सरळरेषा

प्रश्न अगदी नेमका आहे. आणि धाग्याच्या शीर्षकातली चूकही इथेच आहे.

चाकाचा एकूण प्रवास ठरलेला असतो. वर गेलं की बंप स्टॉप (वर अडवणारा रबरी ठोकळा) लागतो, खाली आलं की तो दुसरा ठोकळा, धूळवाटांनी बघितलेला. समजा हे अंतर एक वीत आहे. गाडी उभी असताना चाक त्या वितीत कुठेतरी मध्ये असतं, वर थोडी जागा, खाली थोडी. बोल्ट कसला की वीत लांबत नाही. फक्त चाकाची उभं राहण्याची जागा खाली सरकते. वरची जागा वाढते आणि तेवढीच खालची संपते. धूळवाटांच्या गाडीत खालची सगळी संपलीय. गतिरोधकावरून उतरताना चाकाला खाली जायचं असतं, जागा नसते, आर्म ठोकळ्यावर आपटतो. टक्.

आता कडकपणाचं. ‘बोल्ट कसला की बार कडक होतो’ हे मी कितीदा ऐकलंय. होत नाही. टॉर्शन बार म्हणजे सरळ केलेली स्प्रिंग. त्याचा कडकपणा त्याच्या व्यासावर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो. व्यास तर चौथ्या घाताने लागतो, म्हणजे बार दहा टक्के जाड घेतला तर कडकपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. बोल्ट यातलं काहीच बदलत नाही, तो फक्त बारचं मागचं टोक फिरवून आर्मचा कोन बदलतो. गाडीचं वजन तेच, म्हणून उभ्या गाडीत बारला पडलेला पीळही जवळजवळ तेवढाच. आर्मचा कोन बदलल्याने किंचित फरक पडतो, पण मणक्यात कळण्याइतका नाही. तुम्हाला जाणवतोय तो ठोकळा. चाक खड्ड्यात उतरूच शकत नाही, म्हणून सगळी गाडी त्याच्याबरोबर खाली पडते.

चिखलगाडी

म्हणूनच मी म्हणतो, सस्पेन्शनच्या नादी लागूच नये. सरळ बॉडी लिफ्ट करा. चेसिस आणि केबिन यांच्यामध्ये ५० मिमीचे ठोकळे, विषय संपला. आर्म, सीव्ही (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा), अलाइनमेंट सगळं जिथल्या तिथे राहतं आणि मडगार्ड टायरपासून खरोखर लांब जातं.

पाना१७

विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. स्टिअरिंगचा दांडा तेवढा लांबायला हवा. रेडिएटर बॉडीला जोडलेला असेल तर पंखा आणि आच्छादन यांची जुळणी बघावी लागते. डिझेल भरायची नळी ताणली जाते, गिअरची दांडी केबिनच्या तळाला लागते, बंपर आणि जाळीमध्ये हात जाईल एवढी भेग दिसते. आणि तीस वर्षं जुन्या गाडीत बॉडी माउंटचे बोल्ट सरळ सुटले तर मला कळवा, बघायला येतो.

चिखलगाडी

माझे आठपैकी सहा सुटले.

पाना१७

आणि दोन?

चिखलगाडी

जाऊ द्या ना आता.

कमानीचा_माणूस

या स्वतंत्र सस्पेन्शनवाल्यांचे हाल बघून बरं वाटतं. अमेरिकेत १९८५ पर्यंतच्या टोयोटा पिकअपला पुढे सलग एक्सल आणि पाटे होते, १९८६ च्या मॉडेलपासून टॉर्शन बार आला. काही देशांत सलग एक्सलवाली हायलक्स नंतरही मिळत होती. माझी त्यातलीच. उचलायची तर जास्त कमान असलेले पाटे, बस्स.

आमच्याकडे सगळं सुखाचं आहे असं मात्र नाही. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय आणि सगळ्यात वाईटही. पाट्याचं एकच टोक खाली जातं, त्यामुळे एक्सल फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे-पुढे कल) बिघडतो. मग स्टिअरिंग सरळ राहत नाही, पाचर घालावी लागते. आणि पुढच्या एक्सलवर पाट्यांखाली उंचीचे ठोकळे कोणी कधीही घालू नयेत. ब्रेक मारल्यावर सगळा पीळ तिथेच येतो, ठोकळा निसटला तर एक्सल सरकतो. मागे घालतात ते निदान समजू शकतं.

अजून एक गोष्ट सगळे विसरतात. सलग एक्सलच्या गाडीत तुम्ही कितीही उचला, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) तिथेच. ते फक्त मोठ्या टायरनेच वर येतं. तुमच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये पुढचं डिफरन्शियल चेसिसला टांगलेलं असल्याने ते गाडीबरोबर वर जातं. सीव्हीचा कोन बिघडतो तो त्यामुळेच.

धूळवाट

सगळ्यांचे आभार. म्हणजे मी गाडी दिसायला उंच केली, चालायला वाईट केली. ठीक. पण टायरचा प्रश्न राहिलाच. ३१ इंचीसाठी किती उचलू?

सरळरेषा

शीर्षकातली चूक ती हीच. टायर उभ्या गाडीत घासत नाही. तो दोन वेळा घासतो. चाक बंप स्टॉपपर्यंत वर गेलेलं असताना, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. दोन्ही एकदम झालं तर सगळ्यात जास्त. बोल्ट कसून बंप स्टॉप हलतो का? नाही. मग चाक शेवटी जिथे जातं ती जागा तीच राहते, गाडी १० मिमी उचला नाहीतर ५०. फक्त तिथे पोचायला जरा मोठा खड्डा लागतो.

थोडं गणित. २३५/७५ आर १५ ची भिंत २३५ च्या ७५ टक्के, म्हणजे १७६ मिमी. दोन भिंती आणि १५ इंचाची रिम मिळून व्यास साधारण ७३३ मिमी. ३१ इंच म्हणजे ७८७. फरक ५४, त्रिज्येत २७ मिमी. रुंदीत २३५ चे २६७ होतात, म्हणजे आत-बाहेर प्रत्येकी १६. तुम्हाला शोधायची जागा एवढीच, वर-पुढे-मागे २७ आणि आत १६. ती बंप स्टॉपवर आहे की नाही ते मोजा. नसेल तर तेवढी कापा, ठोका, किंवा बंप स्टॉप जाड करा. उंचीचा बोल्ट त्यात मदत करत नाही.

कमानीचा_माणूस

सरळरेषा, तुमचं गणित बरोबर आहे, पण मुद्दा त्याहून सोपा आहे. याच पिढीच्या काही गाड्या कारखान्यातूनच ३१ × १०.५ टायर घेऊन निघत होत्या. उंची तीच, वर कसलेही ठोकळे नाहीत. फरक होता तो ७ इंची रिम आणि रुंद मडगार्डचा.

धूळवाट

म्हणजे मी रविवार फुकट घालवला?

पाना१७

फुकट नाही. बोल्ट फिरतात हे कळलं.

तुमच्या रिमवर काय लिहिलंय ते बघा. ६ इंची असेल तर १०.५ चा टायर तिच्यावर बसवू नका. त्या टायरला ७ ते ९ इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर टायर फुग्यासारखा मधोमध फुगतो, मधलंच रबर झिजतं आणि वळणावर भिंत डुलते. नवी ७ इंची घ्याल तेव्हा ऑफसेट (रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते) बघून घ्या. चाक बाहेर सरकवलं की आतला आर्म मोकळा होतो, पण वळताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि मागच्या शिवणीला, पुढच्या बंपरला लागतो. शिवाय हबच्या बेअरिंगवर भार वाढतो. ‘बाहेर काढलेली चाकं भारी दिसतात’ एवढ्यावर ठरवू नका.

कापायची वेळ आलीच तर आधी खरी तपासणी करा. एकच नवा टायर कोणाकडून तरी मागून आणा, चार विकत घ्यायच्या आधी. तो रिमवर चढवून पुढच्या डाव्या चाकाला लावा. गाडी चेसिसवर स्टँडला. टॉर्शन बारचा बोल्ट पूर्ण ढिला करा, किती फेरे सोडले ते पाटीवर लिहा. शॉकॲब्सॉर्बर खालून सोडा, अँटिरोल बारची (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) लिंक सोडा. आता चाक हाताने खाली-वर होईल. खालच्या आर्मखाली जॅक लावून बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर न्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठे लागतं तिथे खडूने खूण. रबर धक्क्यात अजून दबतं, म्हणून १५ मिमी जास्तीचे धरा. मग चाक पूर्ण खाली सोडा आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते का बघा. चाक हाताने फिरवून सीव्ही कुठे अडकतो का तेही.

अर्धा दिवस जातो. पण नंतर कोणाला विचारावं लागत नाही.

नवशिकी

हे वाचून छापून घेतलं. माझी गाडी पिकअप नाही, तरी.

मुंगीपावलं

माझ्या जुन्या फोर्डला टॉर्शन बार नाही, पुढे दोन तुकड्यांचा एक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहे. १९८० ते १९९६ च्या एफ-१५० फोर बाय फोरला असायचा तो. आम्ही काय करायचं?

पाना१७

त्याच्यात कॉइलखाली ठोकळा टाकून उचललं की दोन्ही चाकं वरून बाहेर कलतात, कारण प्रत्येक अर्धा एक्सल मधल्या पिव्होटभोवती गोल फिरतो. पिव्होटचे ब्रॅकेट तेवढेच खाली आणावे लागतात, रेडियस आर्मचेही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. इथे मिसळलं तर उद्या कोणीतरी फोर्डचा उपाय टोयोटाला करेल.

चिखलगाडी

बरं, पण कोणाला खरोखरच उचलायची असेल तर? सगळे ३१ वर थांबत नाहीत.

पाना१७

मग प्रवासासकट उचला. या टोयोटात टॉर्शन बार वरच्या आर्मला जोडलेला असतो, शेवरलेच्या १९८८ नंतरच्या मोठ्या पिकअपमध्ये तो खालच्या आर्मला. म्हणून एकाची किट दुसऱ्याला चालत नाही आणि सल्लाही नेहमी चालत नाही. टोयोटाला वरचा बॉल जॉइंट आणि आर्म यांच्यामध्ये ठोकळा घालता येतो. त्याने आर्म आपल्या जागीच राहतो आणि चाक खाली येतं, ठोकळ्यावर आपटणं वाचतं. पातळ रबरी ठोकळेही मिळतात, त्यांनीही खालचा प्रवास वाढतो. दोन्हींची किंमत सीव्ही मोजतो. चाक जितकं खाली लोंबणार तितका त्याचा कोन तीव्र, आणि आधी रबरी बूट फाटतो, मग ग्रीस उडतं, मग धूळ आत जाते. पुढचं डिफरन्शियल ठोकळे देऊन २५ मिमीभर खाली आणून तो कोन थोडा कमी करता येतो.

हाताने लॉक होणारे हब असतील तर ते मोकळे ठेवून रोजचं चालवा, हाफशाफ्ट फिरतच नाही. हब कायम जोडलेले असतील तर शाफ्ट प्रत्येक किलोमीटरला फिरतो, मग कोनाची काळजी जास्त करा.

त्याहून वर जायचं तर चार इंचाचे ब्रॅकेट किट येतात. ते सगळं सस्पेन्शनच खाली टांगतात, आर्मचे कोन मूळचेच राहतात. ते काम आठवडाभराचं आहे आणि चेसिसला वेल्डिंग लागू शकतं. आणि सस्पेन्शनमध्ये असा फेरफार करण्याआधी तुमच्याकडच्या परिवहन खात्याचे नियम बघा. नंतर गाडी पास होत नाही म्हणून रडत येऊ नका.

धूळवाट

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय)

मागितलेला एक टायर आणि ७ इंची रिम घेऊन पाना१७ यांनी सांगितलेली तपासणी केली. अर्धा दिवस नाही, पूर्ण दिवस गेला, कारण अँटिरोल बारच्या लिंकचा बोल्ट गंजून बुशमध्ये एकजीव झाला होता.

हबपासून मडगार्डपर्यंत बोल्ट कसलेल्या अवस्थेत डावीकडे ५२६ मिमी, उजवीकडे ५३४. म्हणजे डावी बाजू आधीपासूनच ८ मिमी बसलेली असणार, मी दोन्हीकडे सारखेच फेरे दिले होते. बार काढताना बघितलं, त्यांच्या टोकावर डावा-उजवा असं कोरलेलं आहे.

चाक सरळ ठेवून बंप स्टॉपवर नेलं. वरती मडगार्डपर्यंत तीन बोटं मोकळी. मी मान वाकडी करून करून बघितलं, कुठेच लागत नाही! मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं आणि टायरची मागची कड केबिनच्या पायापाशी असलेल्या पत्र्याच्या शिवणीला लागली. खडूची खूण दोन बोटं लांब. पुढे प्लास्टिकच्या आच्छादनालाही हलकी लागली. आतल्या बाजूला वरच्या आर्मपासून ६ मिमी.

मग मुद्दाम उलटं करून बघितलं. बार परत बारा फेरे कसून गाडी खाली उतरवली, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं. कुठेच लागत नाही. म्हणजे नुसतं उभ्या गाडीत बघून मी चारही टायर घेऊन आलो असतो, खूश झालो असतो, आणि पहिल्याच खड्ड्यात वळताना खर्र ऐकून अजून बोल्ट कसला असता.

सरळरेषा

हा प्रतिसाद नव्या माणसाला दाखवायला ठेवून देतो.

पाना१७

काम झकास. बार काढलेत तसेच परत घातलेत ना, डावा डावीकडेच? त्यांना कारखान्यात एकाच दिशेने पीळ देऊन तयार केलेलं असतं. अदलाबदल झाली तर उलट पिळाने लवकर बसतात, कधी तडकतातही.

शिवणीचं सांगतो. ती दोन पत्र्यांच्या जोडाची कड आहे. कापू नका, हातोड्याने मागे आडवी चेपा. थोडं थोडं, एका जागी घाव घालत बसू नका. रंग उडेल तिथे घासून प्रायमर आणि रंग, नाहीतर पुढच्या वर्षी तिथूनच गंज सुरू. प्लास्टिकचं आच्छादन कात्रीने कापलं तरी चालतं. आर्मपाशी ६ मिमी पुरतात, पण चिखल साचला की तेवढेच घासतात, धुवत जा.

स्टिअरिंगचा स्टॉपर बोल्ट अर्धा फेरा बाहेर काढून वळण थोडं कमी करणारेही आहेत. मी नाही करत. अरुंद जागेत गाडी वळवताना तो अर्धा फेरा आठवतो.

कमानीचा_माणूस

गिअरिंगचं कोणीच बोललं नाही. टायर साडेसात टक्क्यांनी मोठा, म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ६४ वर. जीपीएस लावून बघा. डिफरन्शियलचं प्रमाण ४.१० असेल तर ते आता ३.८२ सारखं वागेल. चढावर एक गिअर खाली टाकावा लागेल. ब्रेकलाही लांब तरफ मिळाल्यासारखं होतं, थांबायला जास्त लागतं. आणि स्टेपनी! पाचवा टायर मागे बसतो का ते आधी बघा. माझा बसला नाही.

धूळवाट

शेवटचा अहवाल देतो.

शिवण चेपली, रंगवली, आच्छादन कापलं. चार टायर आणि रिमा बसवल्या. स्टेपनी चेसिसखाली मावते, पण वर ओढणारी साखळी आता शेवटच्या कडीवर आहे. बोल्ट सोडून गाडी खाली आणली, चाकं अधांतरी, स्टँड लावून, ग्रीस लावून. दोन दिवस चालवली, सस्पेन्शन बसू दिलं, मग परत मोजलं. डावीकडे ५००, उजवीकडे ५०१. आर्म आणि ठोकळा यांच्यात आता बोटभर फट आहे. गतिरोधकावर टक् नाही. कडकपणा गेला. बायको म्हणाली, नवीन शॉकॲब्सॉर्बर छान आहेत. मी काही बोललो नाही.

अलाइनमेंटला गेलो तर तिथल्या माणसाने आधी टायर धरून हलवलं आणि आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या जोडणीतला एक हात) दाखवला, त्यात हाताला कळेल इतकं ढिलेपण. तो बदलल्याशिवाय टो (वरून बघता चाकांचा आत-बाहेर रोख) लावणार नाही म्हणाला. बदलला. टोमध्ये बराच फरक निघाला, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) थोडा. आता स्टिअरिंग सोडलं तरी गाडी सरळ जाते.

हेडलाइटचा झोत किंचित वर गेला होता, तोही खाली घेतला.

फोटो टाकायचा होता, पण पूर्वीच्या आणि आत्ताच्या फोटोत टायर सोडून काही फरक दिसत नाही.

मुंगीपावलं

या गाड्यांचा आयडलर आर्म मोठ्या टायरखाली परत ढिला होतो. दर सर्व्हिसला बघत राहा.

चिखलगाडी

म्हणजे एवढ्या सगळ्या चर्चेनंतर गाडी उचललीच नाही?

धूळवाट

बसलेली तेवढी वर काढली. आता मागचं बघायचंय. पाटे थकलेत, आणि मागच्या एक्सलला ब्रेकच्या व्हॉल्व्हची एक दांडी जोडलेली आहे, ती काय असते?

पाना१७

भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. मागून गाडी उचललीत तर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. दांडीचा ब्रॅकेट तेवढाच वर-खाली करावा लागतो. नवा धागा काढा, त्याला इथली लिंक द्या.

आणि पुढचे बोल्ट? किती फेरे राहिले शेवटी?

धूळवाट

डावीकडे पाच, उजवीकडे तीन. लिहून ठेवलेत.